वाचकांचे प्रश्न : अल्झायमरच्या औषधांकडून नेमकी काय अपेक्षा ठेवावी?

अल्झायमरविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांमध्ये या वेळी औषधांबद्दलचे प्रश्न सर्वाधिक आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे आणि अल्झायमर हे त्याचे सर्वांत मोठे कारण आहे, हे लक्षात घेता त्यात नवल नाही. काही पत्रांत गोळी सुरू केली की गेलेली स्मरणशक्ती परत येईल अशी आशा आहे, तर काहींत ‘या आजाराला औषधच नाही, मग उगाच खर्च कशाला’ असा सूर आहे. या दोन्ही समजुतींमुळे रुग्णाचे नुकसान होते असे माझे स्पष्ट मत असल्याने निवडक पत्रांना जरा सविस्तर उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. औषधाची मात्रा बदलण्याचा किंवा ते थांबवण्याचा निर्णय मात्र रुग्णाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. संपूर्ण हरिपाठ त्या आजही न अडखळता म्हणतात, त्यांच्या लग्नात कोणी काय आहेर केला तेही सांगतात. पण सकाळचा चहा झाला हे त्यांना आठवत नाही आणि दुपारपर्यंत पाच-सहा वेळा ‘मला अजून चहा दिला नाही’ म्हणून त्या रुसून बसतात. डॉक्टरांनी अल्झायमरचे निदान केले आहे, पण घरात सगळ्यांना वाटते की त्या मुद्दाम असे करतात. इतके जुने आठवते, मग ताजे कसे आठवत नाही? (एक वाचक, सातारा)

उत्तर : त्या मुद्दाम काहीही करीत नाहीत, एवढे वाक्य घरातल्या सर्वांना वाचून दाखवावे. नुकत्याच घडलेल्या गोष्टीची नोंद करण्याचे काम मेंदूत दोन्ही कानशिलांच्या आतल्या बाजूला असलेला हिप्पोकॅम्पस हा लहानसा भाग करतो, आणि अल्झायमरमध्ये पेशींची हानी बहुधा या भागात आणि त्याला लागून असलेल्या पट्ट्यातच सुरू होते. त्यामुळे सासूबाई चहा ‘विसरल्या’ असे म्हणणेही तितकेसे बरोबर नाही, कारण त्या चहाची नोंद त्यांच्या मेंदूत झालीच नाही. लग्नाच्या आठवणी पन्नास वर्षांपूर्वी मेंदूच्या बाह्य आवरणात दूरवर पसरून पक्क्या झालेल्या आहेत, आणि रोज तालासुरात म्हटलेला हरिपाठ तर ज्या जाळ्यांवर टिकून असतो ती या आजारात पुष्कळ उशिरापर्यंत शाबूत राहतात.

आता पेशींमध्ये काय बिघडते ते पाहू. जर्मन डॉक्टर अलोइस अल्झायमर यांनी १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल झालेल्या ५१ वर्षांच्या आउगुस्टे डेटर या स्त्रीची लक्षणे बारकाईने नोंदवून ठेवली होती. १९०६ मध्ये तिचा मृत्यू झाल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला तेव्हा त्यांना दोन गोष्टी दिसल्या : पेशींच्या बाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत झालेला धाग्यांचा गुंता. बाहेरचे थर अमायलॉइड बीटा या प्रथिनाचे असतात, तर आतला गुंता टाऊ या प्रथिनाचा असतो, हे पुढे अनेक दशकांनी कळले. निरोगी पेशीत टाऊ हे पेशीच्या लांब तंतूतील सूक्ष्म नलिकांना आधार देते आणि त्या नलिकांवरून पोषक द्रव्यांची ने-आण चालते. टाऊ बिघडून नलिकांपासून सुटले की ही वाहतूक खंडित होते, शेजारच्या पेशींशी असलेले सांधे निकामी होतात आणि अखेर पेशी मरते. अमायलॉइड साचण्यास पहिले लक्षण दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीच सुरुवात झालेली असते. मात्र रुग्णाची लक्षणे टाऊचा गुंता ज्या भागात पोचला असेल त्याच्याशी अधिक जुळतात. म्हणूनच आधी ताजी स्मृती जाते, मग नेमका शब्द सापडत नाही, ओळखीचा रस्ता चुकतो, पैशांचा व्यवहार जमेनासा होतो. चालणे आणि हातापायांची ताकद बरीच वर्षे टिकते, आणि त्यामुळेच धडधाकट दिसणारी व्यक्ती ‘सोंग करते’ असा घरच्यांचा गैरसमज होतो.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. प्रसंग विसरला तरी त्या प्रसंगाने मनात उमटलेली भावना या रुग्णांमध्ये बराच वेळ रेंगाळते, असे प्रयोगांत दिसले आहे. ‘आत्ताच तर प्यायलात’ असे तुम्ही रागावून म्हणालात, तर ते वाक्य सासूबाईंच्या लक्षात राहणार नाही, पण त्यांना वाटलेले वाईट मात्र दुपारभर राहील. त्यापेक्षा त्यांचा कप लहान ठेवावा आणि प्रत्येक वेळी दोन घोट चहा द्यावा. मधुमेह असल्यास बिनसाखरेचा.

निदान अजून न झालेल्या वाचकांसाठी एक सूचना. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य, आणि किरकोळ वाटलेल्या पडण्यानंतर मेंदूच्या आवरणाखाली साचलेले रक्त यांमुळेही विस्मरण होते आणि त्यांवर उपचार आहेत. या तपासण्या झाल्याशिवाय अल्झायमरचे नाव घेऊ नये.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे आहेत. आठ महिन्यांपूर्वी डोनेपेझिल ५ मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली, सहा आठवड्यांनी ती १० ची केली. स्मरणशक्ती अजिबात सुधारलेली नाही, उलट त्यांची भूक मंदावली आहे आणि कपडे ढिले होऊ लागले आहेत. नातेवाईक म्हणतात की हे औषध निरुपयोगी आहे. गोळी बंद करावी का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपला प्रश्न दोन भागांत विभागावा लागेल, कारण ‘सुधारणा नाही’ आणि ‘भूक मंदावली’ या दोन तक्रारींचे महत्त्व सारखे नाही.

मेंदूच्या तळाशी पेशींचा एक छोटा पुंजका आहे. तो अ‍ॅसिटिलकोलिन नावाचे रसायन बनवून मेंदूभर पोचवतो आणि लक्ष देणे व लक्षात ठेवणे या दोन्ही क्रिया त्या रसायनावर अवलंबून असतात. अल्झायमरच्या रुग्णांमध्ये या पेशी मोठ्या प्रमाणावर नष्ट होतात असे १९७० आणि १९८० च्या दशकांत लक्षात आले. गेलेल्या पेशी परत आणता येत नाहीत, पण उरलेल्या पेशींनी तयार केलेले रसायन ज्या एन्झाइममुळे क्षणार्धात मोडले जाते त्या एन्झाइमला अडवता येईल, या विचारातून औषधे निघाली. त्यातले पहिले टॅक्रिन अमेरिकेत १९९३ मध्ये मंजूर झाले, मात्र ते यकृताला त्रासदायक ठरल्याने मागे पडले. १९९६ मध्ये डोनेपेझिल आले, त्यानंतर रिव्हास्टिग्मिन आणि २००१ मध्ये गॅलँटामिन. या सर्वांचे काम एकच आहे. विहीर आटत चालली असताना गळकी बादली दुरुस्त केली तर हाती येणारे पाणी काही काळ वाढते, पण विहिरीचे आटणे थांबत नाही. डोनेपेझिलची मदत नेमकी एवढीच आहे आणि ती मदत खरी आहे.

म्हणून औषधाचा उपयोग ‘पूर्वीपेक्षा बरे झाले का’ या कसोटीवर मोजला तर ते नापासच होणार. विचारायचे ते असे की, औषध नसते तर आज वडील कुठे असते? हे एका रुग्णाकडे पाहून सांगता येत नाही, त्यासाठी चाचण्या पाहाव्या लागतात. २०१२ मध्ये ब्रिटनमधील एक चाचणी प्रसिद्ध झाली. मध्यम ते तीव्र आजार असलेल्या आणि आधीपासून डोनेपेझिल घेत असलेल्या २९५ रुग्णांपैकी काहींची गोळी चालू ठेवली गेली आणि काहींना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी दिली गेली. वर्षभरात घसरण दोन्ही गटांत झाली, परंतु गोळी चालू असलेल्यांचे स्मरण व आकलनाच्या चाचणीतले गुण ३० पैकी सरासरी १.९ ने अधिक राहिले आणि दैनंदिन कामांतही त्यांची स्थिती तुलनेने बरी होती. हा फरक लहान आहे हे मी लपवणार नाही. पण स्वतःच्या हाताने शर्टाची बटणे लावणे आणखी काही महिने जमत राहणे ही घरातल्या माणसांच्या दृष्टीने लहान गोष्ट नसते.

मी रुग्णांच्या नातेवाइकांना एक साधी वही ठेवायला सांगतो. तीत तीन-चारच कामे लिहायची : वडील स्वतः अंघोळ करतात का, जेवताना घास स्वतः घेतात का, कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणून परत येतात का, नातवाला नावाने हाक मारतात का. महिन्यातून एकदा त्यापुढे ‘स्वतः’, ‘सांगितल्यावर’ किंवा ‘मदतीने’ असा एक शब्द लिहायचा. सहा महिन्यांच्या अशा नोंदी डॉक्टरांसमोर ठेवल्या तर निर्णय अधिक नेमका होतो. ‘काही फरक नाही’ या वाक्यावरून तो नीट घेता येत नाही.

आता भुकेकडे वळू. मळमळ, जुलाब, भूक मंदावणे आणि वजन घटणे हे डोनेपेझिलचे ज्ञात दुष्परिणाम आहेत आणि मात्रा वाढवल्यावर ते अधिक जाणवतात. म्हणून वडिलांचे वजन आजच करून लिहून ठेवावे आणि मात्रा पुन्हा ५ वर आणता येईल का हे डॉक्टरांना विचारावे. त्यासोबत नाडीही मोजावी, कारण हे औषध हृदयाची गती मंदावते. रक्तदाबासाठी अ‍ॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल चालू असेल तर हा परिणाम वाढतो. चक्कर येऊन पडणे किंवा नाडीचे ठोके पन्नासच्या खाली जाणे हे तातडीने कळवण्याचे लक्षण आहे. गोळी रात्री घेतल्यावर भयावह स्वप्ने पडत असतील तर ती सकाळी नाश्त्यानंतर घेता येते, आणि या छोट्या बदलाने अनेक घरांतील रात्रीचा त्रास थांबलेला मी पाहिला आहे.

बंद करायचीच ठरली तर एकदम करू नये. १० वरून ५ वर आणून सुमारे चार आठवडे पाहावे आणि मग थांबवावी. थांबवल्यावर काही आठवड्यांत वडील एकदम खालावले असे दिसले, तर गोळीचा उपयोग होत होता असे समजून ती लवकर पुन्हा सुरू करण्याबाबत डॉक्टरांशी बोलावे.

प्रश्न : आई गोळी गालात धरून ठेवते आणि नंतर थुंकते, म्हणून डॉक्टरांनी त्वचेवर लावायचा रिव्हास्टिग्मिनचा पॅच दिला आहे. शिवाय मेमँटिनही सुरू करायचे म्हणतात. दोन औषधे एकत्र चालतात का? पॅच लावताना काय पाहावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : चालतात. मेमँटिन ग्लुटामेट या वेगळ्या रसायनावर काम करते. आजारी पेशींभोवती त्या रसायनाचा जो सतत अतिरेक होतो तो ते काहीसे आवरते आणि मध्यम व तीव्र अवस्थेत दिले जाते. ५ मिलिग्रॅमपासून दर आठवड्याला वाढवत ते सामान्यतः दिवसाला २० पर्यंत नेतात. आईंचे मूत्रपिंड कमजोर असल्यास मात्रा कमी ठेवावी लागते, म्हणून क्रिएटिनिनचा अहवाल सोबत न्यावा.

पॅचबाबत एकच चूक खरोखर धोकादायक आहे : जुना न काढता नवा लावणे. त्यामुळे औषध दुप्पट जाते आणि उलट्या होऊन नाडी मंदावू शकते. घरात काळजी घेणारी माणसे दोन-तीन असतील तर ही चूक सहज होते. म्हणून पॅचवर पेनाने तारीख लिहून मगच तो लावावा आणि काढलेला पॅच चिकट बाजू आत दुमडून टाकावा. पाठीच्या वरच्या भागात लावल्यास आईंचा हात तिथे पोचत नाही. रोज जागा बदलावी आणि दोन आठवडे त्याच जागी पुन्हा लावू नये.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत आहे. तिकडे अल्झायमरवर नवीन इंजेक्शने निघाली आहेत, बाबांना घेऊन ये असे तो म्हणतो. यांचे वय ७९ आहे. निदान होऊन चार वर्षे झाली, आता अंघोळीलाही मदत लागते. हृदयाचे ठोके अनियमित असल्याने रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे. न्यावे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपल्या मुलाची तळमळ मला समजते आणि त्याने ऐकलेली बातमी खोटी नाही. तरीही आपण लिहिलेल्या तपशिलावरून हे उपचार यांच्यासाठी योग्य दिसत नाहीत. त्याची कारणे त्यालाही वाचायला द्यावीत.

ही इंजेक्शने म्हणजे अमायलॉइडला चिकटून ते मेंदूतून काढून टाकणारी प्रतिपिंडे आहेत. पहिले अ‍ॅड्युकॅन्युमॅब अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२१ मध्ये स्वतःच्याच सल्लागार समितीचे मत बाजूला ठेवून मंजूर केले. त्यावर मोठा वाद झाला आणि २०२४ च्या आरंभी कंपनीने ते थांबवण्याचे जाहीर केले. दुसरे लेकानेमॅब, ज्याला जुलै २०२३ मध्ये पूर्ण मंजुरी मिळाली. तिसरे डोनानेमॅब जुलै २०२४ मध्ये मंजूर झाले. लेकानेमॅबच्या मुख्य चाचणीत १७९५ रुग्ण होते आणि सर्वांचा आजार अगदी आरंभीच्या अवस्थेत होता. दीड वर्षात घसरण २७ टक्क्यांनी मंदावली, हा आकडा वर्तमानपत्रांत सगळीकडे छापून आला. त्यामागचा हिशेब असा : स्मृती आणि दैनंदिन कामे यांतील घसरण मोजणाऱ्या १८ गुणांच्या मापावर औषध न मिळालेले रुग्ण १.६६ गुणांनी खालावले आणि औषध मिळालेले १.२१ गुणांनी, म्हणजे फरक ०.४५ गुणांचा. औषध घेणारेही खालावलेच, फक्त काहीसे सावकाश. अमायलॉइड पुष्कळसे निघून जाऊनही एवढाच फरक पडतो, यावरून टाऊचा गुंता आणि पेशींची हानी एकदा सुरू झाली की नुसते थर काढून ती थांबत नाही असे मला वाटते.

आता धोका. थर निघून जाताना मेंदूत काही ठिकाणी सूज येते किंवा बारीक रक्तस्राव होतो. लेकानेमॅबच्या चाचणीत अशी सूज १२.६ टक्के आणि डोनानेमॅबच्या चाचणीत सुमारे २४ टक्के रुग्णांमध्ये एमआरआयवर दिसली. बहुतेकांना त्रास जाणवला नाही, पण काहींना तो गंभीर झाला आणि काही मृत्यूही झाले. एपीओई-४ या जनुकाच्या दोन्ही प्रती असणाऱ्यांना हा धोका अधिक असतो, म्हणून उपचाराआधी जनुकीय तपासणीचा सल्ला दिला जातो. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असलेल्यांना मेंदूत मोठा रक्तस्राव होण्याची भीती असते आणि अशा रुग्णांना ही इंजेक्शने देऊ नयेत असेच बहुतेक तज्ज्ञ सुचवतात. यांची ती गोळी थांबवणे हा पर्याय नाही, कारण अनियमित ठोक्यांमुळे होणारा पक्षाघात ती टाळते आहे.

याशिवाय अमायलॉइड आहे हे आधी पेट स्कॅन किंवा पाठीच्या मणक्यातून काढलेल्या द्रवाच्या तपासणीने सिद्ध करावे लागते. लेकानेमॅब सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी आणि डोनानेमॅब दर चार आठवड्यांनी शिरेतून द्यावे लागते आणि सुरुवातीच्या महिन्यांत वारंवार एमआरआय करावा लागतो. अमेरिकेत लेकानेमॅबची जाहीर किंमतच वर्षाला २६,५०० डॉलर होती, त्यात तपासण्यांचा खर्च धरलेला नाही. भेटीसाठी जाणाऱ्यांच्या प्रवास विम्यात आधीपासून असलेल्या आजाराचा असा नियोजित उपचार सहसा बसत नाही. आणि खर्चाचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी, चार वर्षे आजारी असलेल्या माणसाला वीस तासांचा प्रवास, अनोळखी घर आणि उलटलेले दिवसरात्र सोसत नाहीत. अनेक जण अशा स्थलांतरानंतर अधिक गोंधळलेले दिसतात. मुलाने तोच पैसा यांच्यासाठी दिवसपाळीचा प्रशिक्षित मदतनीस ठेवण्यावर खर्च करावा, असा माझा आग्रह आहे. त्याचा फायदा आपल्यालाही होईल, कारण आपण स्वतःच्या झोपेविषयी पत्रात एक अक्षरही लिहिलेले नाही.

आरंभीची अवस्था, वय तुलनेने कमी, रक्त पातळ करणारे औषध नाही, अशा व्यक्तींनी मात्र न्यूरोलॉजिस्टकडे या उपचारांची चौकशी अवश्य करावी.

प्रश्न : माझे पती रात्री उठून ‘मला घरी जायचंय’ म्हणत दार उघडू पाहतात, घरात चोर शिरलेत असे म्हणतात. एका डॉक्टरांनी शांत राहण्याची गोळी दिली, तेव्हापासून ते लाकडासारखे ताठ चालतात आणि दोनदा पडले. लघवी वारंवार होते म्हणून त्याचीही गोळी आहे, आणि सर्दीसाठी औषधाच्या दुकानातून आणलेले सिरप चालू आहे. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : या पत्रातील औषधांची यादी वाचून मला काळजी वाटली, म्हणून आपण डॉक्टरांकडे लवकर जावे अशी विनंती आहे.

डोनेपेझिल अ‍ॅसिटिलकोलिन टिकवून धरते हे वर आलेच आहे. आपण लिहिलेले नाही, पण पतींना ते चालू असेल तर पुढचे नीट वाचावे. लघवीसाठी दिली जाणारी ऑक्सिब्युटिनिनसारखी गोळी आणि सर्दीच्या सिरपमधील क्लोरफेनिरामिन त्याच रसायनाला रोखतात. म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जाते, आणि गोंधळ व भास वाढतात. अनेकदा क्रमही ठरलेला असतो : डोनेपेझिलमुळे लघवी वाढते, ते लक्षात न आल्याने लघवीची गोळी येते, तिच्यामुळे गोंधळ वाढतो आणि मग शांत करणारी गोळी येते. घरातल्या सर्व औषधांची पिशवी, दुकानातून परस्पर आणलेली औषधे आणि काढेसुद्धा, डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवावी. किती औषधे काढून टाकता येतात हा उपचाराचाच भाग आहे आणि माझ्या अनुभवात त्याकडे फार दुर्लक्ष होते.

शांत राहण्यासाठी दिल्या जाणाऱ्या तीव्र मानसिक आजारांवरील (अँटिसायकोटिक) गोळ्या वृद्ध स्मृतिभ्रंश रुग्णांना दिल्यास मृत्यूचे प्रमाण वाढते, असा ठळक इशारा अमेरिकी नियामकाने २००५ मध्येच दिला आहे. त्या कधीच देऊ नयेत असे नाही. रुग्ण स्वतःला किंवा इतरांना इजा करीत असेल तर कमीत कमी मात्रेत, थोड्या काळासाठी, दर काही आठवड्यांनी फेरविचार करून द्याव्या लागतात. परंतु शरीर एकदम ताठरणे हे लुई बॉडी नावाच्या वेगळ्या स्मृतिभ्रंशाचेही लक्षण असू शकते, ज्यात या गोळ्या अतिशय घातक ठरतात. त्यामुळे पती ताठ झाले आणि पडले, ही गोष्ट सर्वांत आधी सांगावी. लघवीतील संसर्ग, बद्धकोष्ठता, दुखणारा दात यांनीही रात्रीची अस्वस्थता वाढते, तेव्हा त्याही तपासाव्यात. ‘घरी जायचंय’ म्हणतात तेव्हा ‘हेच आपलं घर’ असा वाद घालू नये. ‘जाऊ या, आधी पाणी पिऊ’ म्हणत त्यांना बसवावे आणि ज्या गावाच्या घराची ते आठवण काढतात त्याविषयी बोलू द्यावे.

प्रश्न : माझ्या आईला अल्झायमर होता. मी ५२ वर्षांचा आहे, मधुमेह आहे. मलाही होईल का? हळद, ब्राह्मी, जिंको यांचा उपयोग होतो का? टीव्हीचा आवाज फार मोठा ठेवतो म्हणून बायको हल्ली चिडते, ते लक्षण तर नाही? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : पिढीगत, निश्चितपणे उतरणारा अल्झायमर एक टक्क्याहूनही कमी रुग्णांत आढळतो आणि तो बहुधा साठीच्या आतच सुरू होतो. आईला उतारवयात झाला असेल तर आपला धोका इतरांपेक्षा काहीसा जास्त आहे, एवढेच म्हणता येईल. जिंको या झाडाच्या पानांच्या अर्काची चाचणी अमेरिकेत ३०६९ वृद्धांवर झाली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार त्याने स्मृतिभ्रंश टळला नाही. हळद आणि ब्राह्मी यांनी हा आजार टळतो किंवा थांबतो असे दाखवणारा भक्कम पुरावा नाही. जेवणातली हळद चालू ठेवावी, महागड्या कॅप्सूल घेऊ नयेत.

टीव्हीचा मोठा आवाज मात्र मला महत्त्वाचा वाटतो. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा जोखमीची कारणे सांगितली, आणि मध्यम वयातील कमी ऐकू येणे व वाढलेले कोलेस्टेरॉल ही त्यांतली सर्वांत मोठी दोन आहेत, मधुमेह आणि रक्तदाबही त्या यादीत आहेत. आपण कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी आणि यंत्राचा सल्ला मिळाला तर संकोच न करता ते वापरावे. सोबत तीन महिन्यांच्या साखरेची, कोलेस्टेरॉलची आणि ब-१२ ची तपासणी करावी, विशेषतः मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षे चालू असेल तर, कारण त्या औषधाने ब-१२ कमी होते.